तीन कड्यांचा फरक

२ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात भिलाईच्या पोलाद कारखान्याचा करार झाला. भिलाई ज्यात येते तो दुर्ग जिल्हा तेव्हा ज्या मध्य प्रदेशात होता त्याची राजधानी नागपूर होती. पुढच्याच वर्षी राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिला. त्याच १९५५ साली इंग्लंडमध्ये केंब्रिजला फ्रेडरिक सँगर यांनी ब्राउन आणि किताई या सहकाऱ्यांसह डुकराच्या आणि मेंढीच्या इन्शुलिनची रचना प्रसिद्ध केली. गायीच्या इन्शुलिनची रचना त्यांनी आधीच उलगडत आणली होती, त्यामुळे एकाच संप्रेरकाची तीन जनावरांमधली रूपे कडीन् कडी शेजारी ठेवून पाहणे आता शक्य झाले. या दोन घटनांचा एकमेकींशी कार्यकारण संबंध नाही. पण भिलाईच्या मधुमेही माणसाचा इतिहास लिहायचा तर दोन्ही घटना लागतात. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले, सेक्टर वसले, विदर्भापासून बंगालपर्यंतची कुटुंबे तिथे आली, कारखान्याचे रुग्णालय उभे राहिले. या वसाहतीत पुढची दोन दशके ज्याला इन्शुलिन टोचले गेले, त्याला ते जनावराचेच टोचले गेले. हे सांगायला कोणतेही दप्तर उघडण्याची गरज नाही, कारण १९८२ पूर्वी जगाच्या बाजारात दुसरे इन्शुलिनच नव्हते.

हा काळ आता ज्या सुरात सांगितला जातो तो मला मान्य नाही. गायीडुकरांचे इन्शुलिन म्हणजे नाइलाजाने केलेली तडजोड, मग जनुकतंत्राने ‘ह्युमन’ इन्शुलिन आले आणि खरे औषध मिळाले, असा तो सूर आहे. त्या कुप्यांमध्ये उणिवा होत्या, पण त्यातल्या बहुतेक जनावराच्या जातीमुळे आलेल्या नव्हत्या. त्या अशुद्धीमुळे होत्या आणि पुरवठ्याच्या अडचणींमुळे होत्या. जातीजातींमधल्या इन्शुलिनची तुलना हेच सांगते, आणि ही तुलना आपल्या हाती सत्तर वर्षांपासून आहे.

सुरुवात टोरांटोपासून करावी लागते. ११ जानेवारी १९२२ रोजी लिओनार्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला बँटिंग आणि बेस्ट यांनी गुरांच्या स्वादुपिंडापासून काढलेला अर्क टोचला. साखर थोडी उतरली, पण टोचल्या जागी गळू झाले आणि उपचार थांबवावा लागला. त्यानंतरचे दिवस रसायनज्ञ जेम्स कॉलिप यांनी तोच अर्क शुद्ध करण्यात घालवले. २३ जानेवारीला पुन्हा टोचल्यावर मुलाची साखर उतरली, त्याच्या अंगात ताकद आली. दोन्ही वेळा जनावर तेच होते आणि ग्रंथीही तीच होती. बदलली ती फक्त शुद्धता. जनावराच्या इन्शुलिनच्या साठ वर्षांच्या इतिहासात जे वाद पुढे झाले त्यांचे उत्तर या बारा दिवसांत दडलेले आहे, असे मला वाटते. त्या वेळी कोणालाच इन्शुलिनची रचना ठाऊक नव्हती. गुरांचा रस माणसाच्या रक्तात का चालावा, हा प्रश्न विचारण्याइतकीही सामग्री हाती नव्हती. तो चालला, मुले वाचली, आणि अमेरिका व युरोपातल्या कारखान्यांनी कत्तलखान्यांतून ग्रंथी गोळा करायला सुरुवात केली.

उत्तर यायला तेहतीस वर्षे लागली. सँगर यांनी १९४०च्या दशकात इन्शुलिन निवडले याचे एक कारण अगदी व्यावहारिक होते: औषध म्हणून ते बऱ्यापैकी शुद्ध रूपात बाजारात मिळत होते. प्रथिनातल्या अमिनो आम्लांना, म्हणजे त्याच्या साखळीतल्या कड्यांना, ठरलेला क्रम असतो की नाही, यावरच तेव्हा एकमत नव्हते. हान्स टुप्पी यांच्यासह त्यांनी १९५१ मध्ये ३० कड्यांची ‘ब’ साखळी उलगडली, थॉम्प्सन या सहकाऱ्यासह (टोरांटोचा मुलगा वेगळा) १९५३ मध्ये २१ कड्यांची ‘अ’ साखळी, आणि दोन साखळ्यांना बांधणारे गंधकाचे पूल १९५५ पर्यंत. एकूण ५१ कड्या. दोन साखळ्यांमध्ये दोन पूल आणि ‘अ’ साखळीच्या आत स्वतःचा एक. प्रत्येक कडीची जागा ठरलेली. १९५८ साली त्यांना नोबेल मिळाले. यापुढचे काम सामान्य वाचकापर्यंत फारसे पोहोचले नाही, आणि इथे तेच अधिक महत्त्वाचे आहे. गाय, डुक्कर, मेंढी, घोडा, देवमासा यांचे इन्शुलिन एकापुढे एक ठेवले तेव्हा दिसले की फरक साखळीभर विखुरलेला नाही. या जनावरांमध्ये तो ‘अ’ साखळीच्या आठव्या, नवव्या आणि दहाव्या जागी दाटला आहे. गायीत तिथे अ‍ॅलानिन, सेरिन, व्हॅलिन. मेंढीत अ‍ॅलानिन, ग्लायसिन, व्हॅलिन. घोड्यात थ्रिओनिन, ग्लायसिन, आयसोल्युसिन. डुकरात थ्रिओनिन, सेरिन, आयसोल्युसिन. माणसाचे इन्शुलिन पुढे उलगडले तेव्हा या तीन जागी ते डुकरासारखेच निघाले. त्याचा वेगळेपणा ‘ब’ साखळीच्या अगदी शेवटच्या, तिसाव्या कडीत होता: डुकरात अ‍ॅलानिन, माणसात थ्रिओनिन. म्हणजे डुकराशी एका कडीचा फरक आणि गायीशी तीन कड्यांचा.

पण नुसती मोजणी फसवते. फरक किती आहे यापेक्षा तो कुठे आहे, हे आधी विचारले पाहिजे. याचा पुरावा जनावरांइतकाच माणसांतही सापडला. १९७९ मध्ये शिकागोत एका मधुमेही रुग्णाच्या स्वतःच्या इन्शुलिनमध्ये बिघाड आढळला. ‘ब’ साखळीच्या पंचविसाव्या जागी फेनिलअ‍ॅलानिनऐवजी ल्युसिन होते. फक्त एक कडी, आणि ते इन्शुलिन जवळपास निकामी झाले होते. गायीचे इन्शुलिन माणसापासून तीन कड्यांनी दूर आहे आणि तरी पूर्ण काम करते. या रुग्णाचे मानवी इन्शुलिन एकाच कडीने दूर होते आणि काम करत नव्हते. पेशीवरच्या ग्राहकाला इन्शुलिनचा जो भाग चिकटतो, त्यात ‘ब’ साखळीची चोविसावी आणि पंचविसावी जागा येते. गायीचे तीन फरक त्या भागाच्या बाहेर आहेत. भिलाईत ज्यांचे आयुष्य रूळ बनवण्यात गेले त्यांना हे वेगळे समजावायला नको. रुळाचे डोके आणि दोन रुळांमधले अंतर बरोबर असेल, तर रुळाच्या पोटावर कोणत्या कारखान्याची अक्षरे उठली आहेत याने गाडीला काहीच फरक पडत नाही.

पुढे आकारही दिसला. डोरोथी हॉजकिन यांनी इन्शुलिनच्या स्फटिकाचे क्ष-किरण चित्र १९३५ मध्येच घेतले होते, पण त्यावरून अणूंच्या जागा कळायला १९६९ साल उजाडले. ऑक्सफर्डच्या त्यांच्या गटात भारताचे एम. विजयन होते, नंतर ते बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले आणि आपल्याकडच्या प्रथिन-स्फटिकशास्त्राचा पाया त्यांनी घट्ट केला. हॉजकिन यांच्या गटाने उलगडलेले स्फटिक डुकराच्या इन्शुलिनचे होते. सहा रेणू दोन जस्तांभोवती गोल बसलेले त्यात दिसले. या जस्ताला धरून ठेवते ती ‘ब’ साखळीच्या दहाव्या जागेवरची हिस्टिडिनची कडी. माणूस, डुक्कर, गाय, मेंढी या सगळ्यांत ती तशीच आहे. गिनीपिगमध्ये मात्र ती नाही. गिनीपिगचे इन्शुलिन माणसापासून पंधराहून अधिक जागी वेगळे आहे, ते जस्ताशी जुळत नाही आणि त्याचा प्रभावही कमी आहे. नात्याने गिनीपिग आपल्याला हॅगफिश या जबडा नसलेल्या माशापेक्षा कितीतरी जवळचा, आणि तरी त्या माशाच्या इन्शुलिनची घडी आपल्या इन्शुलिनशी ओळखीची आहे. पन्नास कोटी वर्षे वेगळ्या वाटांनी आलेल्या प्राण्यात ती टिकली. निसर्गाने या रेणूचा गाभा जपला आणि कडेच्या काही जागा मोकळ्या सोडल्या. गायीचे इन्शुलिन माणसाला चालले त्याचे कारण हे आहे. त्यात दैवाचा भाग नव्हता.

यावर पहिला आणि सर्वांत सबळ आक्षेप शरीराच्या संरक्षणव्यवस्थेचा आहे. पेशीच्या ग्राहकाला तीन कड्यांचा फरक कळत नसेल, पण प्रतिपिंडांना तो कळतो. हे खरे आहे, आणि ते सिद्ध करणारे काम विसाव्या शतकातल्या उत्तम कामांपैकी एक आहे. न्यूयॉर्कमध्ये सॉलोमन बर्सन आणि रोझलिन यॅलो यांनी १९५६ मध्ये दाखवले की ज्यांनी जनावराचे इन्शुलिन घेतले आहे त्यांच्या रक्तात ते जास्त वेळ रेंगाळते, कारण प्रतिपिंडे त्याला धरून बसतात. इतक्या लहान प्रथिनाविरुद्ध शरीर प्रतिपिंडे तयार करील, हे तेव्हाच्या परीक्षकांना पटेना. शोधनिबंधाच्या मथळ्यातला तो शब्द काढावा लागला. त्याच निरीक्षणातून रक्तातली संप्रेरके मोजण्याची किरणोत्सारी पद्धत जन्मली आणि यॅलो यांना १९७७ मध्ये नोबेल मिळाले. त्या पद्धतीसाठी प्रतिपिंडे गिनीपिगमध्ये तयार केली जात. गिनीपिगचे स्वतःचे इन्शुलिन इतके निराळे की गायीचे किंवा डुकराचे इन्शुलिन त्याच्या शरीराला परके म्हणून लगेच ओळखता येई. गायीच्या इन्शुलिनविरुद्ध प्रतिपिंडे डुकराच्या इन्शुलिनपेक्षा जास्त तयार होतात, हेही मान्य केले पाहिजे. रुग्णाच्या मांडीवर खड्डे पडणे, त्वचा लाल होणे, मात्रा वाढवावी लागणे हे भोग लोकांनी भोगले आहेत.

पण या त्रासाचा मोठा वाटा कशाचा होता? १९७०च्या दशकापर्यंत कुप्यांमध्ये इन्शुलिनबरोबर त्याचे कच्चे पूर्वरूप, प्रोइन्शुलिन, आणि स्वादुपिंडातली इतर प्रथिने येत असत. डोनाल्ड स्टायनर यांनी १९६७ मध्ये प्रोइन्शुलिन शोधल्यावर कारखान्यांना काय काढून टाकायचे ते कळले. स्तंभांमधून गाळून एकेका घटकाचे इन्शुलिन वेगळे करण्याची पद्धत आली, आणि १९७३ च्या सुमारास डेन्मार्कच्या नोवो कंपनीने अतिशुद्ध डुकराचे इन्शुलिन बाजारात आणले. ते घेतल्यावर मांडीवरचे खड्डे भरून येऊ लागले. रुग्णाला दिलेले इन्शुलिन तेव्हाही जनावराचेच होते. टोरांटोच्या बारा दिवसांत जे घडले तेच पन्नास वर्षांनी पुन्हा घडले, यावेळी अधिक बारकाईने. नंतर मानवी आणि जनावराच्या इन्शुलिनची तुलना करणाऱ्या चाचण्यांचा कोक्रेन संस्थेने पद्धतशीर आढावा घेतला. ४५ चाचण्या आणि २१५६ रुग्ण. साखरेच्या नियंत्रणात किंवा रक्तातली साखर एकदम उतरण्याच्या प्रमाणात वैद्यकीयदृष्ट्या लक्षात घ्यावा असा फरक त्यात सापडला नाही.

भारताच्या बाबतीत जातीजातींमधला कड्यांचा फरक एके ठिकाणी उपयोगाचाही ठरला. १९५२ मध्ये डेन्मार्कच्या हालास-मोलर यांनी ‘लेंटे’ प्रकारचे इन्शुलिन आणले. त्यात हळू विरघळणारा, दिवसभर पुरणारा भाग गायीच्या इन्शुलिनच्या स्फटिकांचा होता, आणि लवकर काम करणारा भाग डुकराच्या इन्शुलिनचा. गायीच्या इन्शुलिनचे जस्ताबरोबरचे स्फटिक अधिक सावकाश विरघळतात. ज्या कड्यांना आपण वैगुण्य म्हणतो त्यांचाच हा गुण. पुढे मानवी इन्शुलिनचे तसेच स्फटिक केले तेव्हा त्यांचा प्रभाव कमी वेळ टिकला. पाळीच्या कामगाराला दिवसातून एकदाच टोचून भागत असेल तर त्या सावकाशपणाची किंमत त्याला कळते. रात्रपाळी आणि दिवसपाळी आठवड्याआठवड्याने बदलणाऱ्या कारखान्याच्या गावात हा मुद्दा पुस्तकी राहत नाही.

दुसरा आक्षेप श्रद्धेचा आहे. गोवंशाचा अंश हिंदूने आणि डुकराचा अंश मुसलमानाने शरीरात कसा घ्यावा? रचनेच्या कोष्टकाने या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही आणि देण्याचा प्रयत्नही करू नये. अनेकांनी ते औषध म्हणून, जीव वाचवायचा म्हणून स्वीकारले. अनेक जण मनात खंत ठेवून टोचून घेत राहिले. या खंतीतून मुक्तता मिळणे हे मानवी इन्शुलिनच्या बाजूचे खरे कारण आहे, आणि मी ते दुय्यम मानत नाही.

तिसरे कारण त्याहून निर्णायक आहे: ग्रंथी पुरेशा नव्हत्या. सुमारे २२५ ग्रॅम शुद्ध इन्शुलिन काढायला दोन टनांहून अधिक डुकरांच्या ग्रंथी लागत. मांसाच्या बाजाराचा हा उपउत्पाद, त्यामुळे मांस खाणाऱ्यांची संख्या आणि मधुमेह्यांची संख्या एकमेकींना बांधलेल्या. युद्धकाळात जपानने माशांपासून इन्शुलिन काढले. शांघायमध्ये निर्वासित एव्हा साक्सल आणि तिचा नवरा व्हिक्टर यांनी पाणम्हशींची स्वादुपिंडे मिळवून, सशांवर तपासून, वैद्यकाच्या एका पुस्तकाच्या आधारे स्वतः इन्शुलिन तयार केले आणि वस्तीतल्या इतर मधुमेह्यांनाही पुरवले. म्हशीच्या तपकिरी रसाने माणसे जगली, हा माझ्या म्हणण्याचा पुरावाच आहे. पण पुरवठा किती कोता असू शकतो याचाही. मधुमेही वाढत गेलेल्या आपल्यासारख्या देशाला ग्रंथींवर कायम अवलंबून राहता आलेच नसते. अमेरिकेत ऑक्टोबर १९८२ मध्ये जीवाणूंकडून करवलेल्या मानवी इन्शुलिनला परवानगी मिळाली. त्याच सुमारास नोवोने डुकराच्या इन्शुलिनची तिसावी कडी विकराने बदलून मानवी इन्शुलिन बाजारात आणले. एका कडीचाच फरक असल्यामुळे तेही शक्य झाले. आपल्याकडे २००३ मध्ये वोक्हार्टने यीस्टपासून बनवलेले मानवी इन्शुलिन आणले, आणि त्या कंपनीचे जैवतंत्रज्ञानाचे काम मराठवाड्यात, औरंगाबादेत, उभे राहिले. पुढच्या वर्षी बंगळूरची बायोकॉन आली. या शतकाच्या पहिल्या दशकात गायीच्या इन्शुलिनच्या कुप्या औषधदुकानांतून दिसेनाशा झाल्या. कुपीचा ४० युनिटांचा हिशेब आणि लाल टोपणाची सुई मात्र त्या काळातून आपल्याकडे अजून टिकून आहे.

मग राहतो तो शेवटचा प्रश्न: आपल्या शरीरात बनते तेच, कडीन् कडी तसेच, देणे अधिक बरे नाही का? याचे उत्तर औषधनिर्मात्यांनीच आपल्या पुढच्या कामातून दिले. १९९६ मध्ये लिस्प्रो आले; त्यात ‘ब’ साखळीच्या अठ्ठाविसाव्या आणि एकोणतिसाव्या कडीची अदलाबदल केली आहे. २००० मध्ये ग्लार्जिन आले. त्यात ‘अ’ साखळीची एकविसावी कडी बदलून ग्लायसिन घातले आहे आणि ‘ब’ साखळीच्या टोकाला आर्जिनिनच्या दोन कड्या जोडल्या आहेत. म्हणजे मानवी इन्शुलिनपासून तीन कड्यांचा फरक. मोजायचेच झाले तर गायीइतकाच. आज महाग चिठ्ठीत लिहून दिले जाणारे इन्शुलिन मानवी नाही, आणि तरी ते उत्तम औषध आहे. कोणी म्हणेल, हे फरक हेतूने केले आहेत आणि गायीचे फरक आपोआप आले. ते बरोबर आहे. पण मग मानवी असणे हा कस राहत नाही. फरक कुठे आहे, तो काय करतो आणि कुपी किती शुद्ध आहे, हा कस राहतो. हाच कस सत्तर वर्षांपूर्वी सँगर यांच्या कोष्टकाने दिला होता. त्या कसावर अतिशुद्ध केलेले जनावरांचे इन्शुलिन उतरते, आणि स्वस्त मानवी इन्शुलिनही उतरते. साधे मानवी इन्शुलिन घेणाऱ्या गरीब रुग्णाला ते जुने म्हणून हलके वाटावे, यालाही या तुलनेत आधार नाही. नव्या प्रकारांचे फायदे आहेत, विशेषतः रात्री साखर उतरण्याच्या बाबतीत, पण किंमत कित्येक पट असताना त्या फायद्याचे माप प्रत्येक रुग्णासाठी वेगळे घ्यावे लागते, आणि ते डॉक्टरांबरोबर बसूनच घ्यावे.

मानवी इन्शुलिनकडे वळणे योग्य होते. पुरवठ्यासाठी आणि लोकांच्या मनःशांतीसाठी ते आवश्यकच होते. पण त्याआधीच्या पिढीने जे टोचून घेतले ते कमअस्सल औषध होते, असे नोंदवणे चूक आहे. भिलाईत, नागपुरात, चंद्रपुरात ज्यांच्या घरी आईवडिलांच्या जुन्या चिठ्ठ्या, तपासण्यांचे कागद किंवा ‘बोव्हाइन’ असे छापलेली रिकामी खोकी उरली असतील, त्यांनी ती रद्दीत देऊ नयेत. तारीख आणि मात्रा लिहिलेला असा प्रत्येक कागद या इतिहासाचे साधन आहे, आणि रुग्णालयांनीही आपली जुनी मधुमेह-दप्तरे नष्ट करण्याआधी संशोधकांना पाहू द्यावीत.